दोन रोही आणि चार भोकं

रोज सकाळी सहाला अमरावतीच्या मैदानावर मी चाळीस माणसांना योग शिकवतो आणि बजावतो, "पोट घामानंच जाते. दुसरा रस्ता नाही." अशा माणसानं आपलं पोट अकोल्याला जाऊन नळीनं ओढून काढलं, हे फुटलं असतं तर मैदानच काय, गाव सोडावं लागलं असतं.

सोबत बायको होती, पौर्णिमा. तिलाही तेच करायचं होतं. डॉक्टरांनी दोन पद्धती सांगितल्या. एक जुनी, हातानं नळी चालवायची. दुसरी नवी, आधी लेझरनं चरबी वितळवायची. "नवीनं दुखणं कमी म्हणतात, पण ज्याचं त्याचं अंग वेगळं." मी अर्धंच वाक्य ऐकून लेझर घेतलं. (महाग ते नवऱ्याला.) तिनं जुनी घेतली.

तिसऱ्या दिवशी ती साडीखाली आवळ पट्टा बांधून कणीक मळत होती. मी नुसती कूस बदलली, तरी समोरच्या किराण्यातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन पाहायचं. माझ्या बोंबा ऐकून योगवर्गाचे अध्यक्ष खुशालराव आले.

"काय झालं मास्तर?"

"रोही धडकला. तिवस्याच्या रस्त्यावर. शिंगंच खुपसले." पौर्णिमाही कमरेत वाकत नाही हे त्यांनी पाहिलं, म्हणून मी भर घातली, "दोन होते. एक मले, एक हिले."

रोही म्हणजे नीलगाय; जंगली जनावर म्हटल्यावर पंचनामा आलाच. संध्याकाळी खुशालराव वनरक्षक नितेशला घेऊन हजर.

"नर व्हता का मादी?"

"मादी," मी म्हणालो. (मादीनं मारलं तर जरा कमी लागलं असेल, असं वाटावं म्हणून.)

"मादीले शिंगं नसतात, सर." त्यानं माझा सदरा वर केला, पट्टा खाली सरकवला. पोट पिकल्या जांभळासारखं. "मंग हे चार भोकं कायचे? टाकेबी एका मापाचे."

मैदानावरची चाळीस माणसं डोळ्यांपुढे हसू लागली.

तेवढ्यात पौर्णिमा चहा घेऊन आली. "नितेशभाऊ, आत रक्त साकळलं व्हतं. डॉक्टरनं भोकं पाडून काढलं. आन् शिंगं यायले भेवानं दिसले. तुमी आपला पंचनामा ज्याचं पीक खाल्लं त्याचा करा." आणि तिनं वाकून ट्रे टिपॉयवर ठेवला.

ते वाकणं काय होतं, हे त्या खोलीत मलाच ठाऊक. मी उशी उचलताना रडलो होतो. तिच्या कपाळावरची एक शीर तेवढी हलली. मनातल्या मनात मी तिला दंडवत घातला. (प्रत्यक्षात घालणं शक्य नव्हतं.)

नितेश चहा पिऊन गेला. खुशालराव थांबले. दार लोटून स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाले, "मास्तर, हा रोही अकोल्यात कुठं भेटते?"

"तिवस्याच्या..."

"पट्ट्यावर अकोल्याच्या दुकानाची चिठ्ठी हाय."

मी हरलो. हळूच दवाखान्याचा पत्ता आणि माझ्या लेझरचं नाव सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"तुमचावाला नको. तो लय रडवते. मले वयनीवाला सांगा."