गौराईच्या चालीचा जामीन

जनार्दनबुवा खांबेट्यांना शिक्षा झाली, त्याच दुपारी त्यांनी बांधलेल्या सगळ्या चालीही त्यांच्याबरोबर तुरुंगात गेल्या.

हर्णवडीत कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. कायदाच तसा होता. बुवांना पुरुषांच्या बराकीत ठेवलं आणि चालींना महिला कक्षात. त्यांत दोन अभंगांच्या चाली होत्या, शाळेच्या प्रार्थनेची एक होती आणि गौरीपुढे म्हणायच्या गाण्याची एक. निवडणुकीच्या प्रचाराची चाल तेवढी दुसऱ्याच दिवशी सुटून आली. तिच्यामागे मोठी माणसं होती.

शब्द मात्र मागे राहिले. ते जुनेच, आजीपणजीच्या तोंडचे, त्यांच्यावर बुवांचा काही हक्क नव्हता. पण चाल नसल्यावर शब्दांनी करायचं काय? बायकांनी तोंड उघडलं, की विजेच्या बिलामागच्या सूचना वाचाव्यात तसे ते सरळ बाहेर पडायचे. दुसऱ्या गाण्याची चाल लावून पाहिली. ती कुणाच्या तरी उसन्या झंपरासारखी, खांद्यावर घट्ट आणि कमरेत ढगळ.

सगळ्यात मोठी पंचाईत झाली मालिनीबाई पेडणेकरांची. माघात त्यांची सून अडली होती. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसला होता, डॉक्टर आत धावत होते आणि मालिनीबाई दवाखान्याच्या जिन्यात डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांनी गौराईला नवस बोलला, की दोघं सुखरूप सुटली तर येत्या भाद्रपदात नातवंडाला मांडीवर घेऊन तुझ्यापुढे बुवांच्या चालीत तुझं गाणं म्हणेन. दोघी सुखरूप सुटल्या. ज्येष्ठात बुवा आत गेले. आता श्रावण सरत आला होता.

"नवसात चालीचं नाव घालायची काय गरज होती?" त्यांचे यजमान अनंतराव म्हणाले. "लोक नारळ बोलतात, खण बोलतात. बाजारात मिळेल असं काहीतरी बोलावं."

"अहो, नात बाजारातून आणली का?" मालिनीबाई म्हणाल्या. "मला आवडतं ते मी बोलले. तिनेही ऐकलं."

आणि त्या पदर खोचून तुरुंगाच्या कचेरीत गेल्या.

तिथल्या अधिकारी निगुडकरबाई कडक, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी मालिनीबाईंना बसायला खुर्ची दिली.

"चालीवर आरोप काय आहे?" मालिनीबाईंनी विचारलं.

"आरोप नाही. ती गुन्हेगाराची आहे, म्हणून आत आहे. शिवाय गुन्हा झाला तेव्हा ती जागेवर हजर होती. तीच शिकवणं चाललं होतं."

"आत कशी आहे?"

"वागणूक चांगली आहे. सकाळी उठून गुणगुणते. बाकीच्या बायका तिच्यावर भाजी निवडतात."

मालिनीबाईंना भरून आलं. "मग तिला जामिनावर द्या. गौरीपुरती द्या. मी जबाबदार."

"तारण काय ठेवाल?"

"माझे सोळा सोमवार आहेत."

निगुडकरबाईंनी पेन उचललं. "उद्यापन झालंय?"

"झालंय तर! जोडपी जेवायला घालून, यथासांग."

"आणखी?"

"संकष्ट्या धरते. लग्नापासून."

"चालू व्रत तारण म्हणून घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "पुरं झालेलं लागतं. पण सोमवार पुरेत. चाल पळून गेली तर त्यांचं पुण्य सरकारजमा होईल, हे समजून घ्या."

"ती कशाला पळेल?"

"आणि एक. बुवांनी जिला इजा केली, तिने स्वतः इथे येऊन आपली हरकत नाही असं सांगायला लागेल. त्याशिवाय दार उघडणार नाही."

हे मात्र मालिनीबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस त्या गौराईचा विचार करत होत्या, नवसाचा करत होत्या, आत अडकलेल्या चालीचाही करत होत्या. वृंदाचा केला नव्हता.

वृंदा तेली बाजारपेठेच्या मागच्या आळीत शिवणकाम करायची. बुवांच्या क्लासात तिच्याएवढा गोड गळा कुणाचा नव्हता, असं सगळे म्हणत. आता तिच्या डाव्या कानाने काही ऐकू यायचं नाही. मालिनीबाई पातोळ्यांचा डबा घेऊन गेल्या आणि आठवणीने तिच्या उजव्या बाजूला बसल्या.

"ब्लाउज टाकायचाय का काकू?"

"नाही गो. चालीचं विचारायला आले."

मशीन थांबलं.

"नवसाचं कळलं मला," वृंदा म्हणाली. "तुमच्या मंडळातल्या तिघीजणी येऊन गेल्या. एक म्हणाली, कला निराळी आणि माणूस निराळा. एक म्हणाली, जाऊ दे आता, बुवा आत गेले ना. तिसरी फॉल-बिडिंगला साडी टाकून गेली."

"आणि तू काय म्हणालीस?"

"साडी गुरुवारी मिळेल म्हणाले." वृंदा हसली आणि लगेच हसायची थांबली. "काकू, दुसऱ्या कडव्यात गौराई उंबरा ओलांडते ना, तिथला सूर मला लागेना. दोनदा चुकले. पुन्हा चुकले तेव्हा त्यांनी पितळी पानाचा डबा उचलला. मी खाली पडले, तरी पेटी चालूच होती. बाकीच्या मुलीही गात राहिल्या, घाबरून. आता कुणी ते गाणं नुसतं बोललं तरी माझा हा गाल तापतो. कोर्टात त्यांचे वकील म्हणाले, एवढी सुंदर चाल बांधणाऱ्या हाताकडे बघा. मी त्या हाताकडेच बघत होते."

मालिनीबाईंनी डबा पुढे सरकवला. त्यांच्या मनात बरंच काही बोलायचं ठरलेलं होतं, ते त्यांनी टाकून दिलं.

"पातोळ्या खा. हळदीचं पान आपल्या परसातलं आहे."

"आणि नवस?"

"नवस मी बोलले. तो तुझ्या कानावर कसा फेडू? गौराईला सरळ सांगेन, या वर्षी जमलं नाही. बाईच आहे ती. समजून घेईल. नाही घेतलंन तर माझ्यावर रागावेल. तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्या उठल्या आणि निघाल्या. घरी येऊन त्यांनी अनंतरावांना सांगितलं, की या वर्षी शब्द नुसते वाचायचे. अनंतरावांनी चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वृंदा उभी होती. हातात धुतलेला डबा, त्यात मूठभर साखर.

"चला काकू."

"कुठे गो?"

"तुरुंगात. हरकत आहे की नाही, ते तिला भेटल्याशिवाय मी कशी सांगू?"

निगुडकरबाईंनी चालीला भेटीच्या खोलीत आणवलं. वृंदा आत गेली, दार लोटलं गेलं. मालिनीबाई बाहेर बाकावर बसल्या आणि त्यांनी मनातल्या मनात देवीचं नाव घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात पुरुषांच्या बराकीकडून शिपाई आला.

"बुवांचा निरोप आहे बाई. ते म्हणतात, चाल आणि मी एकच. तिला सोडत असाल तर मलाही सोडा. मी आत राहणार असेन तर तीही राहील. मी बाप आहे तिचा."

निगुडकरबाई विचारात पडल्या. "मुद्दा आहे. एकच असतील तर एकाला जामीन आणि दुसऱ्याला नाही, असं करता यायचं नाही."

मालिनीबाई कधी कचेरीत मोठ्याने बोलल्या नव्हत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"बाप आहेत ना? मग ऐका. लेक चांगली नांदते, म्हणून बापाची शिक्षा माफ करतात का कुठे? आणि बाप आत बसलाय, म्हणून लेकीने उजेडात यायचंच नाही का? त्यांना सांगा, एकच असतात तर तिला महिला कक्षात कुणी घेतलं नसतं."

"हे बरोबर आहे," निगुडकरबाई म्हणाल्या. "कक्ष वेगळे आहेत. कक्ष वेगळे म्हणजे कैदी वेगळे." त्यांनी शिपायाला तसं कळवायला पाठवलं.

आतून सूर ऐकू आला. अगदी हळू, कुणीतरी चाचपडत जिना उतरावा तसा. मग तो थांबला. थोड्या वेळाने वृंदा बाहेर आली. गाल लाल होता, डोळे कोरडे होते.

"येऊ दे तिला," ती म्हणाली. "पण तिच्या कागदावरून बुवांचं नाव पुसायचं नाही. त्यांनीच बांधली, ते खोटं कशाला करायचं? आणि त्यांच्या नावाखाली माझ्या कानाचंही लिहायचं. ती जाईल तिथे दोन्ही तिच्याबरोबर जातील."

"तेवढी जागा नसते," निगुडकरबाई म्हणाल्या.

"मग करा."

त्यांनी पट्टी घेतली आणि समासात जागा आखली.

गौरीपूजनाच्या दिवशी चाल महिला शिपायाबरोबर आली. अनंतराव दारात गेले.

"हिला खुर्ची देऊ की पाट?"

"पाट मांडा. आणि रांगोळी काढलेली आहे, पाय सांभाळा."

शिपाईबाईंना हळदीकुंकू दिलं. ड्यूटीवर असल्याने त्यांनी ओटी घेतली नाही, करंजी घेतली. आळीतल्या सगळ्या जणी दाटीवाटीने बसल्या. वृंदा आली ती भिंतीजवळ, उजवा कान गौराईकडे करून बसली. "मी फक्त ऐकणार," म्हणाली. मालिनीबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, समईची वात सारली आणि गायला सुरुवात केली.

शब्दांना चाल मिळाली. पहिलं कडवं असं उमललं, की म्हाताऱ्या ताराकाकूंनी डोळ्याला पदर लावला. दुसरं सुरू झालं. गौराई अंगणात आली, पायरी चढली, उंबऱ्याशी पोचली, आणि चाल थांबली.

असं ती पूर्वी कधी करत नसे. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "अगो, पुढे घ्या ना," कुणीतरी कुजबुजलं. कुणाला पुढे घेता येईना. चाल पाटावर होती, गप्प होती. नवस अर्ध्यावर, गौराई उंबऱ्याबाहेर, आणि पुण्य सगळं तारण.

मग त्यांनी पाहिलं, की चाल वृंदाकडे वळलेली आहे.

मालिनीबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. थांबायचं, एवढंच त्यांनी खुणेने सांगितलं. सगळ्या थांबल्या. नात थांबली, शिपाईबाईंनी करंजीचा घास तोंडात तसाच धरला. वृंदाला कुणी उठवलं नाही, कुणी म्हण म्हटलं नाही. ती खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मग तिने तो सूर घेतला. एका कानाने जेवढा सापडला तेवढा, थोडा खरखरीत, थोडा उतरलेला. चाल त्या सुरावर उभी राहिली आणि गौराई उंबरा ओलांडून घरात आली.

मालिनीबाई पुढे गायल्या खऱ्या, पण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. आपल्या आळीत, आपल्या गौरीपुढे हे झालं, याने त्यांची छाती भरून आली होती. अनंतराव दारात उभे होते. ते शेजारच्या दाजींना म्हणाले, "आमच्या हिने जामीन दिलाय."

चांगली वागणूक बघून चालीचा जामीन पुढे कायम झाला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती हजेरी द्यायला जाते. त्या दिवशी हर्णवडीत ते गाणं कुणी म्हणत नाही. बुवा आत आहेत. वृंदाकडे ब्लाउजला आता पंधरा दिवस थांबावं लागतं.

परवा तालुक्याचं महिला मंडळ गाणं शिकायला आलं होतं. त्यांच्या अध्यक्षबाई जाणकार होत्या. दुसऱ्या कडव्यात सगळ्या गप्प झाल्या तशा त्यांनी टाळ खाली ठेवले.

"इथे का थांबलात? ताल तुटतो की."

"इथे थांबतात," मालिनीबाई ताठ बसून म्हणाल्या. "वृंदा उचलेल. मग आपण."