दोन चौकट म्हणजे बदाम

"नक्की ठरलंय ना तुमचं?" चंद्रकांताबाईंनी खाकऱ्यांचा डबा नवऱ्याच्या पिशवीत ठेवता ठेवता विचारलं.

"ठरलंय."

"दोघांचं, की तुमचं एकट्याचं?"

प्रकाशचंद बूट घालायला खाली वाकले. बूट घालणाऱ्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, ही सोय पुरुषांनी फार पूर्वीच करून ठेवलेली आहे.

प्रकाशचंदांचा जळगावात किराण्याचा ठोक व्यापार. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून संध्याकाळ क्लबात, ब्रिजच्या टेबलावर. समोरचा जोडीदार तीस वर्षं एकच: सुकदेव नाना. वीज मंडळातून निवृत्त झालेले, मूळचे पारोळ्याकडचे, आता मेहरूणला घर. या तीस वर्षांत गावातल्या किती भागीदाऱ्या फुटल्या, सख्खे भाऊ कोर्टात गेले, पण ही जोडी टिकली. आणि आज धुळ्याच्या सामन्यात ती फुटणार की राहणार, हे ठरायचं होतं. क्लबाचे अध्यक्ष रुपचंदभाऊ तोंडावर बोलले होते, "या वेळी घोळ घातलात तर जोडी बदलणार. तो सीए पोरगा, नवीन, केव्हाचा मागे लागलाय प्रकाशभाऊंसोबत खेळायला."

ज्यांना ब्रिज म्हणजे जुगार वाटतो त्यांनी तो गैरसमज आधी थुंकून टाकावा. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं एका बाजूला. पानं दाखवायची नाहीत, डोळा मारायचा नाही, खोकायचं तेही जपून. हातात काय आहे ते फक्त बोलीतून सांगायचं. 'एक इस्पिक', 'दोन चौकट', एवढंच. शेवटची बोली बांधील: आकडा जितका मोठा तितके जास्त हात जिंकायचे, आणि ज्याचं नाव घेतलं ते हुकूम. कुठल्या बोलीचा काय अर्थ, ते जोडीनं आधी बसून ठरवायचं, आणि विरोधकानं विचारलं तर त्यालाही उघड सांगायचं. म्हणजे सगळा खेळ आधी बोलून घेण्याचा. आणि तेवढंच आपल्या माणसांना जमत नाही. भाव बोलतील, भाऊबंदकी बोलतील, तिसऱ्याच्या सुनेबद्दल तासभर बोलतील. समोरच्याशी कामाचं बोलायचं म्हटलं की घसा बसतो.

या जोडीचं भांडण झालं होतं ते एका बोलीवरून. जोडीदारानं 'एक बिनहुकमी' अशी ताकदीची सुरुवात केली आणि आपण 'दोन चौकट' म्हटलं, तर जुन्या पद्धतीत त्याचा अर्थ सरळ होता: माझ्याकडे चौकट लांब आहे, जोर नाही, इथेच थांब. मग नवीन नावाचा तरुण सीए क्लबात आला आणि त्यानं जगभर चालणारी पद्धत आणली. तिच्यात 'दोन चौकट' म्हणजे माझ्याकडे बदाम आहेत, तू 'दोन बदाम' बोल. प्रकाशचंदांना ती पटली. नानांना पटेना.

"शेठ, हाई काय शे? तुना दुकानमा कोनी साखर मांगी तं तू त्याले मीठ देस का?"

"नाना, त्यात फायदा आहे. मोठा हात लपून राहतो."

"तीस वरीस चालनं, तेन्हामा काय वाईट शे?"

तरी मान्य केलं बिचाऱ्यांनी. पण टेबलावर बसले की विसरायचे. बदामांनी भरलेला हात घेऊन प्रकाशचंदांनी 'दोन चौकट' म्हणावं आणि नानांनी खुशाल 'पास' म्हणून चहा मागवावा. असं होत होत एका संध्याकाळी प्रकाशचंदांचा तोल गेला. सगळ्या क्लबादेखत ते म्हणाले, "नाना, तुमच्यानं आता नवीन काही होणार नाही."

नाना हसले. त्यांनी पानं पिसली आणि वाटली. त्यानंतर दोघंही त्या बोलीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

जळगाव ते धुळे, एवढा रस्ता होता बोलायला. गाडीत नवीन नव्हता, अध्यक्ष नव्हते, दोघंच होते. एरंडोल येईपर्यंत केळीचा भाव झाला. एरंडोलला चहा झाला. नानांच्या वच्छलाबाईंनी दिलेली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी प्रकाशचंदांनी खाल्ली, नानांनी खाकरे खाल्ले. पारोळ्यापर्यंत चौपदरी रस्त्याच्या ठेकेदाराला शिव्या झाल्या. पारोळ्याच्या पुढे प्रकाशचंद एकदा म्हणाले, "नाना, ते आपलं..."

"हा, समजनं मले," नाना घाईघाईनं म्हणाले.

"समजलं ना? मग झालं."

दोघांनाही हायसं वाटलं. काय समजलं, ते एकानंही विचारलं नाही. असल्या हायसं वाटण्यानं घरं बसतात, पण ते असो.

धुळ्याच्या हॉलमध्ये दुपारपर्यंत खेळ उत्तम चालला. जळगावकर पुढे होते. रुपचंदभाऊ मागे उभे राहून सुपारी कातरत होते, ती कातरायची थांबले, इतके खूश. शेवटून दुसऱ्या डावात नानांनी 'एक बिनहुकमी' म्हटलं. प्रकाशचंदांनी पानं पाहिली. चौकट सात, लहानसहान. बदाम एकही नाही. जोर म्हणावा तर एक राणी.

नव्या पद्धतीनं यावर 'दोन चौकट' बोलताच आलं नसतं. पण प्रकाशचंदांनी मनाशी केव्हाच ठरवलं होतं. त्या संध्याकाळचं वाक्य त्यांना झोपू देत नव्हतं. नानांना जुनंच येतं, तर आज नानांच्या पद्धतीनं खेळायचं. माफी मागायला तोंड नसलं की माणूस अशा वाटा शोधतो. ते मोठ्या मायेनं म्हणाले, "दोन चौकट."

शेजारी बसलेले धुळ्याचे वकील प्रेमराज यांनी नियमानं विचारलं, "नाना, याचा अर्थ काय तुमच्यात?"

नाना ताठ बसले. "त्याच्याकडे बदाम आहेत. पाच तरी." आणि क्लबात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात बोलले, "दोन बदाम!"

नाना शिकले होते. त्यांच्यासाठी, या वयात, शिकले होते. आणि नियम असा, की जोडीदारानं दिलेला खुलासा तुमच्या कानावर पडला तरी तुम्ही तो ऐकलेला नाही. त्यावरून आपली बोली बदलायची नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं गुपचूप 'पास' म्हणून नुकसान आवरलं असतं. पण प्रकाशचंदांनी गिऱ्हाइकाच्या मापात कधी दांडी मारली नव्हती, ते इथे कशी मारणार? नानांनी काही सांगितलंच नाही असं धरून, चौकटच खरी हे ठासून सांगायला ते म्हणाले, "तीन चौकट."

नव्या पद्धतीत त्याचा अर्थ: बदाम तर आहेतच, वर चौकटही आहे आणि हात दांडगा आहे. नानांचे डोळे चमकले.

"चार बदाम!"

"पाच चौकट," प्रकाशचंद कसेबसे बोलले.

आता नानांच्या हिशेबात चौकटीतही मोठी पानं आली. त्यांनी आपले बदामाचे एक्का-राजा छातीशी धरले. "सहा बदाम!"

"डबल," प्रेमराज वकील म्हणाले. म्हणजे बुडालात तर दंड दुप्पट. त्यांच्या हातात बदामाची बाग होती.

सातवर जाण्याइतकी लाज प्रकाशचंदांनी सोडली नव्हती. त्यांनी 'पास' म्हटलं. खेळ नानांचा, त्यामुळे प्रकाशचंदांना आपली पानं टेबलावर उघडी मांडावी लागली. इस्पिक मांडलं. किलवर मांडलं. चौकट मांडली, लांबलचक. मग हात रिकामा झाला.

नाना वाकून पाहत राहिले. एखादं पान खाली पडलं असेल म्हणून त्यांनी टेबलाखालीही पाहिलं.

"शेठ, बदाम कोठे शेतस?"

"नाहीत, नाना."

"एकबी?"

"एकही नाही."

सहा बदाम म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे होते, चार झाले. सामना तिथेच गेला.

हॉलच्या बाहेर दोघं गाडीपाशी उभे राहिले.

"तुम्ही कधी शिकलात?" प्रकाशचंदांनी विचारलं.

"महिना व्हयना. वच्छला गहू निवडता निवडता 'दोन चौकट' म्हने, मी 'दोन बदाम' म्हनू. तिले आधी पाठ व्हयनं." नाना गाडीच्या टपावरची धूळ पुसत होते. "पन तू जुनं काब्र बोलना?"

"तुमच्यासाठी."

रुपचंदभाऊ दिसतात तितके कठोर नाहीत. त्यांनी आणखी एक संधी दिली. अट एकच: "दोघांनी बसा, आणि 'दोन चौकट' म्हणजे काय ते मला एका शब्दात येऊन सांगा. चौकट, नाहीतर बदाम."

बसले. मेहरूणला नानांच्या ओट्यावर.

"आता तुमचं जुनंच, नाना."

"नही, तुनं नवं. मी काय फुकट शिकनू?"

"माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको."

"मले तरास? म्हंजे मन्याघाई नवं काही होनार नही, आसंच ना?"

"असं कुठे म्हणालो मी!"

"त्या दिवशी म्हना होता!"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते वाक्य बाहेर आलं. त्याच वेळी प्रकाशचंदांनी 'चुकलो' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच हसत संपली असती. ते म्हणाले, "म्हणून तर जुनं खेळू म्हणतो!" आणि बूट शोधायला लागले. एकमेकांवर उपकार करायच्या भांडणात दोन म्हातारे असे पेटले, की वच्छलाबाईंनी आणलेला चहा परत आत नेला. एक शब्द काही अध्यक्षांपर्यंत गेला नाही.

जोड्या बदलल्या. प्रकाशचंद नवीनसमोर बसू लागले, नाना कापूस व्यापारी भाईदाससमोर. मध्ये दोन टेबलं.

मग एका संध्याकाळी फिरत फिरत दोन्ही जोड्या एकाच टेबलावर आल्या. नवीननं 'एक बिनहुकमी' म्हटलं. प्रकाशचंद म्हणाले, "दोन चौकट."

जोडीदाराला जे विचारता येत नाही, ते विरोधकाला विचारता येतं. नानांनी नवीनकडे वळून विचारलं, "याचा अर्थ?"

नवीन ओशाळला. "चौकट. नुसती चौकट, काका. काय करू, अंकलचा हट्ट आहे. म्हणतात, खेळेन तर असंच खेळेन."

भाईदास हसले. "बघा नाना! आणि तुम्ही माझ्याकडून दोन महिने घोकून घेताय, चौकट म्हणजे बदाम, चौकट म्हणजे बदाम, शेठची पद्धत आहे म्हणून."

प्रकाशचंद आपली पानं पुन्हा पुन्हा लावत होते, लावलेली असूनही. नानांनी आपली पानं मिटून पुन्हा उघडली. त्यांच्याकडे बोलण्यासारखं एक पान नव्हतं.

"पास," ते म्हणाले.