सात नंबरची नळी

सातव्या खाचेला रंगच चढला नाही. बाकीच्या अकरा खाचा निळ्या झाल्या होत्या, कुठली गडद, कुठली फिकी; सातवी मात्र होती तशी कोरी. बारकीने प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, डोळे चोळले, पुन्हा धरली.

"मामा, जरा बघा हो. मला एकटीलाच असं दिसतंय का?"

तंत्रज्ञ मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "नाही. मलाही असंच दिसतंय," ते म्हणाले आणि हात वर करून मोकळे झाले.

बारकी ही प्रयोगशाळेतली सगळ्यात धाकटी संशोधक. तीन वर्षं खपून तिने एक अँटीबॉडी तयार केली होती. मेंदूच्या पेशी वाढवणारं एक प्रथिन थोडंफार रक्तातही असतं. ते नेमकं हुडकायचं, एवढंच तिचं काम. प्रथिन सापडलं की खाच निळी, नाही सापडलं तर कोरी. सोमवारी परीक्षक समिती येणार होती. समितीला पटलं तर पदवी, नाही तर तीन वर्षं पाण्यात.

चाचणीसाठी रक्त प्रयोगशाळेतल्याच बारा जणांचं होतं. दीड महिन्यापूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे बारकीच्या मार्गदर्शक सरांनी, त्यासाठी खास भाषण ठोकलं होतं. "सुईला कसलं घाबरता? मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस्स! विज्ञानासाठी एवढंही करणार नाही?" सगळ्यांनी मुकाट्याने बाह्या वर केल्या. सरांनी स्वतःचं रक्त तेवढं ओळखीच्या डॉक्टरांकडे काढलं आणि त्यातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं करून नळीत भरून आणलं. कोणाला कोणाची नळी कळू नये म्हणून मामांनी नावांच्या जागी नंबर टाकले आणि यादी कपाटात कुलूपबंद केली. तीस वर्षं तंत्रज्ञाची नोकरी केलेला माणूस, कामात चूक नाही.

सर आले, प्लेट पाहिली आणि ताडकन म्हणाले, "शून्य? जिवंत माणसाच्या रक्तात शून्य असूच शकत नाही! हा सात नंबर माणूस आहे की धोंडा?"

बारकीने चाचणी पुन्हा केली. कोरी. आणखी एकदा केली. पुन्हा कोरी.

"म्हणजे अँटीबॉडीच कुचकामी," सरांनी निकाल दिला. "लहर आली की बघते, नाही तर कानाडोळा करते. असलं काहीतरी समितीपुढे नेऊन मला माझं हसं करून घ्यायचं नाही. सोमवारचं रद्द कर." आणि टेबलावरचा थर्मास बाजूला सारून ते फायलीत बुडाले.

बारकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामांना ते बघवेना. त्यांनी कपाट उघडलं, यादीवरून बोट फिरवलं आणि मटकन स्टुलावर बसले.

"कोण आहे, मामा?"

"विचारू नकोस."

"सांगा ना! माझी पदवी अडकलीय."

मामांनी दाराकडे पाहिलं. "सर," ते कुजबुजले.

बारकीने यादी हातात घेऊन स्वतः वाचली.

"म्हणजे एक तर माझी अँटीबॉडी बिघडलीय," बारकी हळूच म्हणाली.

"नाही तर सर," मामा म्हणाले.

मग मात्र बारकीला सरांची काळजी वाटू लागली. सर रागीट होते, हट्टी होते, पण तिला हाताला धरून त्यांनीच शिकवलं होतं. काही भयंकर आजार असला तर? तिने सरांच्या घरी फोन लावला.

"काकू, सर अलीकडे काही विसरतात का हो?"

"अलीकडे? बत्तीस वर्षं विसरतायत. का गं?"

बारकीने चाचरत सगळं सांगितलं. वीस मिनिटांत काकू हजर. दोन पायांत दोन वेगळ्या चपला आणि चेहरा पांढराफटक. सरांच्या खोलीत शिरल्या त्या रडतच. "अहो, तुमच्या रक्तात मेंदूचं काहीच सापडत नाहीये! आणि मला सांगायची कोणाला गरजही वाटली नाही?"

सरांनी आ वासला. "माझ्या? सात नंबर मी?"

"पुन्हा रक्त काढा यांचं. आत्ता, माझ्यासमोर!" काकूंनी फर्मान सोडलं. मामांनी सुई काढली. ती पाहताच सर खुर्चीसकट मागे सरकले आणि भिंतीला टेकले.

"थांबा! ते रक्त नव्हतंच. चहा होता!"

"काय?" तिघंही एकदम ओरडली.

"बिनदुधाचा फिका चहा. थर्मासातला. रंग अगदी तस्साच दिसतो." सरांचा आवाज पार खाली गेला. "लहानपणापासून सुई बघवत नाही मला. म्हटलं, बारांतल्या एकाने काय बिघडतंय. आणि नंतर विसरूनच गेलो."

बारकीला हसावं की रडावं कळेना. तिची अँटीबॉडी तीनदा खरं बोलली होती आणि तिन्ही वेळा तिलाच बोल लागला होता. काकूंना धक्का बसला होता तो वेगळाच. त्यांनी थर्मास उचलून हलवला. तो काठोकाठ भरलेला होता.

"म्हणजे वजन उतरावं म्हणून मी पहाटे उठून करते तो चहा तुम्ही पीतच नाही?"

सोमवारचं रद्द करायचा विषयच संपला; ठरल्याप्रमाणे समिती आली. अध्यक्षबाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. "सात नंबर शून्य कसा?"

सर छताकडे बघू लागले.

"तो चहा होता," बारकी म्हणाली. "आम्हाला कोणालाही न सांगता सरांनी नळीत भरला होता." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"वा!" बाई खूश झाल्या. "स्वतःच्या विद्यार्थिनीलाही गाफील ठेवून अशी परीक्षा घ्यायची म्हणजे डोकं पाहिजे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा जीव भांड्यात पडला. ते चक्क उठून उभे राहिले आणि मान झुकवून त्यांनी टाळ्या स्वीकारल्या.

"आता एकच करू," बाई म्हणाल्या. "सरांचं खरं रक्तही लावून बघू. इथेच काढा, आमच्यासमोर."

सरांनी बारकीकडे पाहिलं. बारकीने तक्त्याकडे पाहिलं. मामा सुई घेऊन पुढे झाले आणि अदबीने म्हणाले, "मुंगी चावल्यासारखं वाटेल, सर."

दुपारी सरांची खाच निळीशार झाली आणि समितीने बारकीच्या कागदांवर सह्या केल्या. सर मात्र बाजूच्या खोलीत बाकावर आडवे होते. शुद्धीवर येऊन त्यांना बराच वेळ झाला होता, पण उशाशी काकू थर्मास उघडून बसल्या होत्या, म्हणून ते डोळे मिटूनच राहिले.