तिसऱ्या अंकाचा व हिरव्या दिव्याचा मजकूर

श्रीविद्युल्लता प्रसन्न. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष शुद्ध दशमी. ते समयीं एका दौलतींत श्रीमंत धुंडिराजपंत राज्य करीत होते, आणि त्यांचे पदरीं एक वृद्ध संगणक होता, आणि राणीसाहेब सुमित्राबाई यांनीं रचिल्या नाटकाचा तिसरा अंक त्याचेच पोटीं अडकला होता. फ्लॉपीचा दरवाजा कधींच निकामी जाहला; बाहेर पडावयास सिरियल पोर्टाची, म्हणजे पाठीमागील तारा जोडावयाचे खोबणीची, खिडकी मात्र उरली. दुसरे दिवशीं तालीम. बाईसाहेब बोलिल्या, "पडद्यावर दिसतो आहे, हातानें उतरून घेतें." पंत बोलिले, "घरीं यंत्र असतां हातानें? लोक काय म्हणतील?" मग पंतांनीं खिडकीस नक्कल उतरून घेणारी डबी लाविली. डबीस वीज पाहिजे. बाईसाहेबांचे बंधु वासुनाना बोलिले, "दाजी, भिंतींत सॉकेट आहे कीं." पंत संतापले, "आमची डबी भिंतीचे दारीं भीक मागणार नाहीं! खिडकींतूनच पोसूं."

आतां त्या खिडकींत एक तार होती, तिचें काम हात वर करून 'यंत्र तयार आहे' इतकेंच सांगणें. त्या जासुदाचे डोईवर पंतांनीं डबीची रसद लादिली. बापडा वाहता जाहला आणि अंक उतरूं लागला. इतक्यांत पंतांनीं डबीस हिरवा दिवा लाविला. दिवा पेटला, रसद त्यानेंच खाल्ली, डबी उपाशी पडली, नायिका अर्ध्या वाक्यांत गतप्राण.

"अहो, तो दिवा काढा!"

"काढला तर चालतें कीं नाहीं कळावें कैसें?"

"चालत नाहीं, हें कळतें आहे ना?"

मग नाइलाजें दिवा काढिला आणि नक्कल पुन्हां चालूं जाहली, आणि पंतांस दम निघेना, मग किती उतरलें तें पाहावयास त्यांनीं संगणकांतला अंक पाठविणारा प्रोग्रामच बंद केला. प्रोग्राम बंद होतांच जासुदानें रीतीप्रमाणें हात खालीं घेतला, रसद तुटली आणि डबी ठार, उतरलेलेंही गेलें. वासुनाना बोलिले, "दाजी, भात शिजला कीं नाहीं तें शीत दाबून पाहतात, चूल विझवून नव्हे."

बाईसाहेब इतकेंच बोलिल्या, "उठा." पंत उठले. बाईसाहेबांनीं कागद पुढें ओढिला आणि सबंध अंक हातानें उतरिला, आणि तो तालमीस वेळेवर पावला.

एकूण झाडा ऐसा: अंक बाईसाहेबांचे बोटांनीं सुटला, आणि पंत येणाऱ्याजाणाऱ्यास सांगतात, यंत्रानें तारिलें. हिरवा दिवा पंतांनीं पुन्हां खिडकीस लाविला, तो अद्याप जळतो. तो विझूं नये म्हणून प्रोग्राम अखंड चालू ठेविला आहे, कांहींएक पाठवीत नाहीं, आणि संगणकास कोणीं हात लावूं नये ऐसी ताकीद आहे. चौथा अंक बाईसाहेब वहींत लिहितात.