रायरीकरांचा भाजलेला पेरू

रायरीकरांकडे जो जो पाहुणा म्हणून गेला, त्याची जीभ एकदा तरी पोळलेली आहे. माझी तीनदा पोळली. तिन्ही वेळा यजमानांनी पाणी विचारायचं सोडून मलाच झापलं. "घाई कोणी सांगितली होती? फुंकर घालायला देवाने तोंड दिलंय ना?" बरं, फुंकर घालत बसलो की दुसरं ऐकायचं. "किती वेळ धरून बसणार आहात, देशपांडे? निवलं की मेलं."

पोळणारी वस्तू म्हणजे भाजलेला पेरू. अर्धा पेरू घ्यायचा, बिया कोरून काढायच्या, त्या खळग्यात चीज भरायचं, वर मीठ-मिरपूड घालायची आणि लोणारी कोळशाच्या शेगडीवर जाळी टाकून तो भाजायचा. अंजिरांच्या दिवसांत अंजीर. काहीच नसलं तर केळं. पाहुण्यांनी शेगडीभोवती पाटावर बसायचं आणि बशीत पडेल ते तत्क्षणी खायचं.

मी विचारतो, पेरू ही भाजायची वस्तू आहे का? वांगं भाजावं, कणीस भाजावं. पेरू तिखटमीठ लावून खावा आणि गप्प बसावं. एवढी साधी गोष्ट पन्नाशीच्या माणसाला कळू नये याचा मला फार संताप यायचा. खायला चांगलं लागायचं, हे खरं आहे. त्याचा तर जास्तच संताप यायचा.

हे खूळ देहूरोडच्या लष्करी मेसमधलं. लढाईच्या काळात रायरीकर तिथे स्टोअरवर होते. जेवणाआधी गोऱ्या साहेबांना काहीतरी गरम तोंडात टाकायला लागे आणि तिथला खानसामा फळं भाजून त्यांत चीज भरून देई. रायरीकर ते बघून शिकले. पुढे साहेब गेले, पिंपरीला कारखाना निघाला, रायरीकर कारखान्याच्या स्टोअरवर लागले आणि वसाहतीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले.

डब्यातलं चीज मिळेना, तेव्हा ते घरीच करायला लागले. म्हणजे दर शनिवारी सकाळी दोन शेर धारोष्ण दूध तापवायचं आणि त्यात लिंबू पिळायचं. फाटलेलं दूध फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगायचं, मग वरवंट्याखाली दाबायचं. ते पुरचुंडं टांगलेलं दिसलं की आमची ही खिडकी लावून घ्यायची. "भरल्या घरात हाताने दूध नासवतात," ती म्हणायची, "आणि ते नासकं वर पाहुण्यांना घालतात." पिंपरी गावातून दूध घालायला येणारा गवळी तर एकदा ओट्यावर बसूनच राहिला. "सायेब, चांगल्या दुधाचं वाटोळं करताय व्हय? म्हशीला कळलं तर उद्या पान्हा सोडायची न्हाई." रायरीकरांनी त्यालाही एक पेरू खायला लावला. त्या दिवसापासून तो दुधात पाणी जरा कमी घालायला लागला, असं रायरीकरांचं मत. आमच्या दुधात होतं तेवढंच होतं.

त्यांच्या तडाख्यातून कोणी सुटलेलं नाही. आमच्या खात्याचे साहेब एकदा सहाला येतो म्हणून सांगून साडेसहाला आले. रायरीकरांनी त्यांच्या वाटचा पेरू स्वतः खाऊन टाकला होता. "तुमचा झाला," असं सांगून त्यांना नुसता चहा दिला. माझे चिंचवडचे काका संकष्टीला आले आणि उपास आहे म्हणाले, तर त्यांच्यावरच उखडले. "फळ आहे, दूध आहे, मीठ सैंधव आहे. आणखी काय पाहिजे उपासाला? साबुदाणा काय तुमच्या परसात पिकतो?" काकांनी तीन पेरू खाल्ले आणि आपला उपास मोडला म्हणून ते मला वर्षभर बोलत होते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण घरात लग्नाची मुलगी होती.

सुमन त्यांची एकुलती एक. आई गेली तेव्हा दहा वर्षांची होती. रायरीकरांनी तिची वेणीसुद्धा स्वतः घातल्याचं मी ऐकून आहे. मॅट्रिक झाली आणि शाळेत बालवर्गाला शिकवायला लागली. गोड, हसरी, कामाला वाघ. तेविसावं लागलं तरी लग्न जमेना आणि त्याचं कारण होता हा पेरू.

मुलगी बघायला आले की पोहे द्यायचे, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलीने ते घेऊन यायचं, खाली मान घालून द्यायचे, मग तिला नाव विचारायचं, पोहे तूच केलेस का विचारायचं. रायरीकरांकडे पाहुणे आत आले की सुमन आधीच पाटावर बसलेली. शेगडीपाशी बाप. आणि पहिली गरम बशी पाहुण्यांच्या आधी सुमनच्या हातात. सातारची माणसं एका घोटात चहा पिऊन गेली. पुण्याहून पत्र आलं, "मुलगी पसंत आहे, परंतु घरचे वळण समजले नाही." तिसऱ्यांनी तोंडावरच विचारलं, मुलीला काही करता येतं की नाही?

"येतं," रायरीकर म्हणाले. "खाता येतं. बघा, नीट खातेय."

त्या दिवशी माझा तोल गेला. मी सरळ म्हणालो, "रायरीकर, तुम्हाला पोरीला उजवायचंच नाही. ती गेली तर तुमचं घर कोण बघणार, म्हणून हे सोंग काढलंय तुम्ही."

ते शेगडीतले कोळसे चिमट्याने सारखे करत राहिले. पुढे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही. चूक माझी नव्हतीच.

मग तळेगावच्या मोघ्यांचं स्थळ आलं. मीच आणलं होतं. मोघे निवृत्त पोस्टमास्तर आणि मुलगा माधव तिथल्याच शाळेत शिक्षक. सुमन आमच्या हिच्याजवळ हळूच म्हणाली की शिक्षकांच्या शिबिरात तिने त्याला पाहिलंय, बोललीय. "काकू, हे मोडू नये असं वाटतं." एवढं बोलून तिने विषय बदलला.

"मग बापाला सांग की," मी तिला म्हणालो. "एका दिवसापुरते पोहे कर म्हणावं."

"नको काका," ती म्हणाली. "बाबांना ते जमणार नाही. आणि मलाही ताटली घेऊन उभं राहायला नाही आवडत."

आता बाप तसा आणि मुलगी तशी म्हटल्यावर आम्ही काय करायचं? आमच्या हिने मोघे यायच्या दिवशी गुपचूप पातेलंभर पोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर. पाहुण्यांची तोंडं वाकडी झालेली दिसली की मागच्या दाराने नेऊन द्यायचे, असं ठरलं. पण भिंतीला भिंत. फोडणी पडली मात्र, रायरीकर दारात हजर.

"देशपांडे, तुमच्याकडे पाहुणे आहेत?"

"नाहीत."

"मग ते पोहे तुम्हीच खा," म्हणाले आणि निघून गेले. दोन दिवस आम्ही पोहेच खात होतो.

मोघे आले. उपरणं, काळी टोपी, डोळ्यांत पोस्टमास्तरकी. मागून मोघेबाई, नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवर घेतलेल्या, बोलायच्या आधी नवऱ्याकडे बघणाऱ्या. माधव सुमनकडे बघून किंचित हसला. मी मनात म्हटलं, जमलं. इतक्यात रायरीकरांनी पहिला पेरू उचलून सुमनच्या बशीत ठेवला. दुसरा मोघेबाईंच्या.

बाईंनी बशी घेतली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे बायका मागून बसतात," मोघे म्हणाले.

"तुमच्याकडे," रायरीकर म्हणाले. "हे माझं घर आहे. खा वहिनी, निवतंय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मोघ्यांचा चेहरा लाल झाला. टोपी सारखी करून ते उठले. "अगं, ऊठ. निघू या आपण."

सुमनने बशी खाली ठेवली. त्या क्षणी रायरीकरांच्या डोक्यात ती शेगडी घालावी असं मला वाटलं, आणि हे मी आजही नाकारत नाही.

मोघेबाई उठल्या नाहीत. त्यांनी पेरूचा एक तुकडा मोडला, त्यावर फुंकर घातली, खाल्ला. "थांबा जरा," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "माझं खाऊन व्हायचंय."

कोळसा तडतडला तेवढाच आवाज. मोघे उभे होते आणि आजूबाजूला बसलेल्या माणसांत एकट्याने किती वेळ उभं राहायचं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी माधवने सरकून जागा केली आणि ते बसले. बाईंनी बशी स्वच्छ केली. मग पदराने ओठ टिपून विचारलं, "आणखी एक मिळेल?"

दहा दिवसांनी पसंतीचं पत्र आलं. वैशाखात लग्न झालं. मी रायरीकरांना म्हणालो, "नशीब तुमचं. विहीणबाई नसत्या तर तुमच्या पेरूने हेही मोडलं असतं." मी माझा शब्द मागे घेतला नव्हता.

लग्नाला महिना झाला असेल. एका रविवारी सकाळी रायरीकर कोट घालून दारात उभे. "तळेगावला येता?"

"सुमनकडे? कळवलंय?"

"नाही. जेवणाच्या वेळेला पोचू."

मी चकितच झालो. मुलीला मूलबाळ होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही रीत ते पाळणार हे मला ठाऊक होतं. दूध नासवणारा हा माणूस त्या बाबतीत माझ्या आजोबांहून सोवळा. "मग नेमकं जेवणाच्या वेळेला जाऊन लोकांना अवघडल्यासारखं कशाला करायचं?" मी म्हणालो. "हा कुठला शहाणपणा?"

"यायचं तर या," ते म्हणाले. मी चडफडत चपला घातल्या.

गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मग आपणहून बोलायला लागले. "सुमनची आई बारा वर्षं माझ्या घरात होती, देशपांडे. आधी माझे वडील जेवायचे, मग आम्ही भाऊ, मग पोर, मग ती. तिच्या पानात वाफ मी कधी बघितली नाही. आणि बघितली नाही, हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही. शेवटच्या दुखण्यात डॉक्टर म्हणाले, मागेल ते द्या. ती काही मागेना. मी मेसमधून चीजचा तुकडा आणला, पेरू भाजला, बशी हातात दिली. तर ती नुसती धरून बसली. म्हटलं खा ना. म्हणाली, निवू द्या जरा, मला गरम खायची सवय नाही."

"मग?"

"मग काय? निवल्यावर खाल्ला. चांगला झालाय म्हणाली."

मी त्यांना पोरीच्या लग्नावरून जे बोललो होतो ते आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. तसं म्हणायला हवं होतं, पण म्हणालो नाही.

मोघ्यांकडे पोचलो तेव्हा पानं मांडायची तयारी चालली होती. सुमन धावत बाहेर आली. मोघ्यांनी आग्रह केला, माधवने केला. रायरीकर ओसरीवरच्या बाकावर बसले ते बसलेच. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी हाताने लांब सारला. मला मात्र आत नेऊन पाटावर बसवलं. मी मोजले, पाट पाच होते. मोघे, माधव, मी. सुमन वरणाचं भांडं घेऊन आली आणि वाढायला वाकली, तर मोघेबाईंनी ते तिच्या हातून काढून घेऊन मधोमध ठेवलं. "बस माझ्याशेजारी. यांना हात आहेत." मोघे काहीतरी पुटपुटले आणि स्वतःच्या हाताने वरण वाढून घेऊ लागले. निम्मं सांडलं.

ओसरीवरून आतलं दिसत नव्हतं. मी घसा साफ केला आणि पाहुण्याला शोभणार नाही इतक्या मोठ्याने विचारलं, "सुमन, तुझ्या पानातला भात गरम आहे ना गं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुमनने एकदा दाराकडे पाहिलं. मग तीही तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "हो काका. आत्ताच उतरवलाय. वाफ येतेय."

जेवण उरकून मी ओसरीवर आलो, तर रायरीकर चपला घालून पायरीशी उभे होते. पाठ माझ्याकडे. रुमाल हातात.

"चला देशपांडे," ते म्हणाले. "गाडी चुकेल."

गाडीला अजून दीड तास होता. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर स्टेशनच्या रस्त्याला लागलो.