तुतीखालची ओल

घराच्या उत्तरेला, तुतीच्या सावलीत, हमराकुलची जमीन काही केल्या वाळत नव्हती. मातीची भिंत गुडघाभर ओली झाली होती. त्याच्या मुलीला, झुम्रदला, मागणी घालायला रेशीम विणणाऱ्यांकडची माणसं कधीही टपकणार होती. मुलगा झुम्रदच्या मनात भरलेला. त्यांच्यासमोरच भिंत बसली तर?

"अहो, भिंत काही पाहुणे बघून पडत नाही," बायको ओयनिसो म्हणाली.

"तुला काय! लोक म्हणतील, ज्याला भिंत सांभाळता येत नाही त्यानं पोरीला काय वळण लावलं असेल!"

शेजारच्या सोतीबोल्दीचा पाट फुटला असणार म्हणून तो त्याच्याशी भांडला, पाट उपसला. पण ओल जागची हलेना. मग एका पहाटे त्याला दिसलं, झुम्रद अंगणात सडा घालत होती आणि बादलीत उरलेलं पाणी तुतीखाली ओतत होती.

"रोज ओततेस?"

"रोज, बाबा. धूळ बसल्याशिवाय झाडू कशी?"

"आजपासून एक थेंब सांडायचा नाही!"

सोतीबोल्दीची माफी मागायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं ते टाळलं. तुतीखाली तंदूरची राख पसरली. वरून सगळं कोरडंठाक दिसू लागलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याला अन्न गोड लागलं.

दुसऱ्याच सकाळी, न सांगता, मुलाची मावशी, सालोमत खाला, दारात उभी! सलाम करताकरताच तिची नजर अंगणावर गेली.

"अगं बाई, केवढी धूळ! इथं सडा पडत नाही वाटतं?"

"खाला, मीच नको म्हणालो पोरीला!" हमराकुलला घाम फुटला.

"हो, हो. आळशी पोरींचे बाप असंच म्हणतात."

चहा घेऊन आलेल्या झुम्रदचे डोळे भरून आले. आपल्या हातानं पोरीचं वाटोळं केलं, हमराकुलला वाटलं. खाला निघालीच होती. उन्हातून जायला नको म्हणून ती तुतीखालून वळली आणि राखेतून तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. वर आला तो नुसता पाय. रबरी बूट चिखलातच राहिला.

खालानं वाकून चिखल चाचपला.

"हा काही एका दिवसाचा ओलावा नाही. वर्षानुवर्षं रोज पाणी पडलंय इथं." तिनं झुम्रदला जवळ ओढून तिच्या कपाळाचा मुका घेतला. "कष्टाळू आहे गं माझी सून!"

रिवाजाप्रमाणे तंदूरची नान रोटी मोडून सोयरीक पक्की झाली. हमराकुल रडला, हसला, धुतलेला बूट त्यानं स्वतः खालाच्या पायाशी ठेवला. बूट चढवताना खालाची नजर भिंतीवर गेली.

"पोरीला वळण छान लावलंय हो, ओयनिसो," ती म्हणाली. "पण या भिंतीकडे बघायला घरात कुणी पुरुषमाणूस नाही का?"