उत्तमरावांची जीप वळताना खट् का म्हणते?

मुलांनो, डोळे मिटा आणि एक गुप्तहेर डोळ्यांपुढे आणा. उंचापुरा, गरुडासारखं नाक, नजर अशी की चोरानं चोरलेलं भांडं घासून-पुसून परत आणून द्यावं. आणलात? छान. आता त्याची उंची वीतभर कमी करा, चष्म्याची एक काडी दोऱ्याची करा आणि धोतरावर खडूची पूड सांडा. हा मी. १९५४ साली केनवडला मुलांना शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात गुन्हे शोधत होतो. शाळेचा हजेरीपट पळवणारी शेळी मी तीन दिवसांत पकडली होती. तोवर तिनं तिसरीची सगळी मुलं खाल्ली होती, हा भाग वेगळा.

एके सकाळी भाजीमळेवाले उत्तमराव धावत आले. लिलावातून घेतलेली लष्करी जीप त्यांच्या जिवापलीकडची.

"गुरुजी, कालपासून स्टेरिंग फिरवलं का खट्! सरळ चालली तं चूप. आज दुपारच्या गाडीनं माई लेक तुळसा लेकरू घेऊन जऊळक्याले उतरते. तीन महिन्याचं लेकरू! वाटेत स्टेरिंग तुटलं तं?"

बैलगाडीनं जायचं तर पोचायलाच रात्र. तोवर तान्ह्या बाळाला घेऊन तुळसा स्टेशनवर बसणार. मी वही घेतली आणि निघालो.

मळ्यात मोहनसिंग ड्रायव्हर बॉनेट उघडून उभा होता. वरून दिसणारा प्रत्येक नट त्यानं आवळला होता. मी जीपला एक प्रदक्षिणा घातली.

"ही लढाईतली गाडी. म्हणजे आत बंदुकीची गोळी अडकली आहे."

"दोन वर्सं झाले, चालवून राह्यलो," मोहनसिंग म्हणाला. "गोळी कालच जागी झाली का?"

मी ती ओळ खोडली. तेवढ्यात उत्तमरावांच्या पत्नी जिजाबाई चहा घेऊन आल्या. "गुरुजी, मी काय म्हनते..."

"वहिनी, आधी तज्ज्ञांना बोलू द्या."

मग माझी नजर मोहनसिंगाच्या मनगटावर गेली. चांदीचं कडं! वळताना तेच स्टेरिंगच्या चाकावर आपटत असणार. साबण लावून, दोघांनी ओढून ते पाव तासात निघालं. जीप विहिरीभोवती फिरवली. खट्!

"आता मनगटातूनई आवाज येईन," मोहनसिंग हात चोळत म्हणाला.

जिजाबाई पुन्हा चहा घेऊन आल्या, पुन्हा तोंड उघडलं. मी हात वर केला.

"पावसाळ्याचे दिवस आहेत," मी म्हणालो. "आत बेडूक शिरला आहे."

"खट् म्हननारा बेडूक?"

"लष्करी जीपमधला आहे. सलाम ठोकत असेल."

तिसरा चहा आला. तो मी न बोलता, न बोलू देता प्यालो. उत्तमराव गोठ्याकडे निघाले. "जाऊ द्या गुरुजी. बैलच जुपतो. पोरीच्या नशिबात रात होईस्तोर स्टेशन हाय."

तेव्हा तुळसाची धाकटी बहीण धुरपता पुढे आली. माझ्याच चौथीच्या वर्गातली.

"गुरुजी, तुमी वर्गात सांगता, आधी पाहा, मंग बोला. खालून कोनं पाह्यलं?"

कुणीच नाही. खाली गुडघाभर चिखल, आणि माझं धोतर त्याच सकाळी धुतलेलं.

धुरपतानं चाकांना दगड लावले, चिखलावर बारदान अंथरलं आणि जीपखाली डोकं घातलं.

"मोहनदादा, गाडी चालू नका करू. नुस्तं स्टेरिंग फिरवा."

खट्.

"अजून एकडाव."

खट्. आणि खालून हसू ऐकू आलं.

"बाबा, गाडीले लोढणं बांधलं हाय!"

लोढणं म्हणजे उधळ्या गुराच्या गळ्यात अडकवतात तो ओंडका. जनावर पळायला लागलं की तो गुडघ्यांवर आपटतो, मग ते मुकाट चालतं. इथे तो चाकं वळवणाऱ्या दांड्याला लटकत होता आणि प्रत्येक वळणाला आसावर आपटत होता.

सगळ्यांनी जिजाबाईंकडे पाहिलं.

"मंग?" त्या म्हणाल्या. "हा मोहनसिंग उधळल्या गोऱ्ह्यावानी गाडी पळवते. लेकरू येऊन राह्यलं. गोऱ्ह्याले बांधतो तसं बांधलं."

"सांगतलं काहून नाही?" उत्तमराव ओरडले.

"तीनदा आली. गुरुजी म्हने, तज्ज्ञ बोलून राह्यले. अन् कालपासून हा हळू चालवून राह्यला का नाही?"

मी वही मिटली. "काहीतरी अडकलं आहे, हे मी पहिल्यांदाच सांगितलं होतं."

"वैनी, त्या दांड्याले काई बांधू नये," मोहनसिंग समजावू लागला. "एखांद्या वक्ती चाकच वळनार नाही. मी हळू नेतो, शपथ!"

"तुही शपथ गावाच्या वेशीपर्यंतच टिकते," जिजाबाई म्हणाल्या.

धुरपतानं गाठ सोडली. लोढणं पाटाच्या पाण्यात धुतलं आणि ते मांडीवर घेऊन मोहनसिंगाच्या शेजारी जाऊन बसली. जीप निघाली, वळली, अगदी चूप.

वेशीपलीकडे इंजिनाचा आवाज चढला. आणि लगेच, इथवर ऐकू येईल असं, तिनं लोढणं समोरच्या पत्र्यावर आपटलं.

खट्!